स्प्रिंगखालचं रबर

लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा मी आमच्या घरच्या आमटीत रबर घातलं. आई गावी गेली होती, अण्णा आतल्या खोलीत पडले होते, आणि सुरेखानं स्वयंपाकघरातून सांगितलं की फ्रिजमधली चिंच तेवढी गरम पाण्यात भिजत घाला. नव्या बायकोनं सांगितलेलं पहिलंच काम. मी मोठ्या उत्साहानं उठलो, फ्रिज उघडला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक काळा, चिकट गोळा काढला आणि कढत पाण्याच्या वाटीत सोडला. गोळा काही केल्या मऊ होईना. मी तो कुस्करला, दाबला, शेवटी वरवंट्यानं ठेचला, आणि जे काही काळपट पाणी सुटलं ते चिंचेचा कोळ समजून आमटीत ओतून मोकळा झालो. अण्णा जेवायला बसले. त्यांनी एक भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मीठ जास्त पडलं. ते म्हणाले, "कोणत्या पिशवीतलं घेतलास? निळ्या गाठीची का पांढऱ्या?" निळ्या गाठीची, मी म्हणालो. "ते उद्याला लागणार होतं की रे," एवढं बोलून त्यांनी आमटी बाजूला सारली आणि ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली. सुरेखा दारात उभी होती. आपल्याला नेमक्या कुठल्या घरात दिलंय, हे तिच्या त्या दिवशी लक्षात आलं असावं.

कच्चं रबर थंड ठेवावं लागतं. बाहेर राहिलं तर उकाड्यानं आपलं आपण पिकायला लागतं आणि मग साच्यात नीट वाहत नाही. म्हणून आमच्या फ्रिजच्या खालच्या निम्म्या भागात रबर आणि वरच्या निम्म्यात दूध, कोथिंबीर, उरलेली भाजी अशी वाटणी होती. काळेवाडीत दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, एवढंच होतं आमचं. पुढच्या खोलीत देव, टीव्ही, सुरेखाच्या माहेरहून आलेलं कपाट आणि अण्णांचा हँडप्रेस असे सगळे दाटीवाटीनं नांदायचे. अण्णा आयुष्यभर चिंचवडच्या एका रबराच्या कंपनीत मोल्डर होते. कंपनीनं तो सगळा विभाग उचलून दुसऱ्या राज्यात नेला, वय झालेल्यांना घरी बसवलं आणि जाता जाता भंगारातला एक प्रेस अण्णांना दिला. इतरांच्या वडलांना अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ मिळतं. आमच्या वडलांना मिळालेली वस्तू टेम्पोतून उतरवायला सगळी गल्ली लागली.

त्या प्रेसचा आवाज अजून कानात आहे. वरचं गोल चाक फिरवलं की आधी करकर, मग अण्णांचा एक लांब सुस्कारा, मग हीटरची टक्‌कन बसणारी कळ. नंतर बराच वेळ शांतता, कारण रबर शिजत असायचं. शिजताना गंधकाचा वास सुटायचा, आणि तो भातात, अंथरुणात, सुरेखाच्या नव्या साड्यांत जाऊन बसायचा. हीटर चालू असताना मिक्सर लावला तर फ्यूज उडायचा, म्हणून शेंगदाण्याची चटणी आई खलबत्त्यात कुटायची. पिठाचा डबा ती दुहेरी फडक्यात बांधून ठेवायची आणि तरी शेजारची बाई कधी आमच्याकडची भाकरी खाऊन गेली की हसून म्हणायची, तुमच्या भाकरीला टायरचा खमंगपणा असतो हो. आई हसायची नाही. मी हसायचो. मला तेव्हापासूनच कशावरही हसायची खोड आहे.

अण्णा त्या प्रेसवर मिक्सरच्या पायांची रबरं, नळाचे वायसर, पंपाच्या वाट्या असं किरकोळ काहीबाही काढायचे. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. चाकणच्या एका कंपनीनं त्यांचे नमुने पास केले होते. तिथला परचेसवाला साहेब भला माणूस. तो म्हणाला, माल चांगला आहे काका, पण राहत्या घरातून आम्ही घेत नाही. शेड बघा, थ्री फेज लाईन घ्या, आम्ही जागा बघून जाऊ, मग काम सुरू. एवढीच गोष्ट. एक पत्र्याची शेड मिळाली की अण्णा स्वतःचे मालक होणार होते, आणि आकुर्डीत सात महिने काम आणि मग ब्रेक अशा टेंपररी नोकऱ्या करणारा मी त्यांच्या हाताखाली कायमचा लागणार होतो. सुरेखाच्या वडलांनी मुलगी दिली तीसुद्धा ह्या न मिळालेल्या शेडकडे बघूनच. बैठकीत अण्णांनी तिचं असं वर्णन केलं होतं की मलाही ती दिसायला लागली होती.

शेड होती तात्यांची. चाकणच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत गेलं की त्यांचं गाव. पिढ्यानपिढ्यांची शेती, तिच्यावर आता कांद्याऐवजी शेड उगवलेल्या. तात्या धिप्पाड, पांढरंशुभ्र धोतर नेसणारे, कमी बोलणारे. त्यांच्याकडे कागदाची पद्धत नव्हती. शब्द द्यायचा आणि तो चारचौघांत, नारळ देऊन. आणि गावच्या यात्रेआधी शब्द द्यायचा नाही, मग ते लग्न असो, जमीन असो नाहीतर भाडेकरू असो. अण्णा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे, चहा व्हायचा, आणि निघताना तात्या दरवेळी एकच म्हणायचे, "बघू की. यात्रा होऊ द्या."

त्या ओट्यावरच बंटीशेठची ओळख झाली. तात्यांचा एकुलता एक. त्या वर्षांत ह्या पट्ट्यातल्या पोरांना गाडी जमिनीला टेकवायचं वेड लागलं होतं. आज त्यांचीच पोरं शिडी लावून चढाव्या लागणाऱ्या गाड्या घेतात, पण तेव्हा जी गाडी जास्त खाली तिचा मालक जास्त वर, असा हिशोब होता. बंटीशेठनं कुठल्याशा मेस्त्रीकडून चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला. गाडी खाली आली, पण स्टिअरिंग वळवलं की खालून कडाड आवाज यायचा, जणू कोणी पोलादी पलंग मोडतंय. एका रविवारी तो ती गाडी घेऊन थेट काळेवाडीच्या आमच्या गल्लीत आला. "काका, आवाज मारतीय राव. रबराचं काहीतरी हाय म्हणतो मेस्त्री. तुमी बघा."

अण्णा गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा बनियन काळं झालं होतं आणि चेहरा उजळला होता. त्यांनी मला समजावलं ते असं. स्प्रिंगची दोन्ही टोकं रबराच्या वाटीत बसतात. त्या वाटीत एक पायरी असते, तारेचं टोक तिला अडून राहतं. वेढा कापला की टोक सरकतं, पायरी चुकते, मग स्प्रिंग वाटीत फिरते आणि निसटून पत्र्यावर आपटते. मेस्त्रीचं म्हणणं, वाट्या ब्लेडनं कापून बारीक करा नाहीतर काढूनच टाका, गाडी अजून बोटभर खाली येईल. अण्णांनी निसटून आलेली एक वाटी लुंगीला पुसली, ट्यूबलाईटखाली धरली आणि मागची खूण मला दाखवली. त्यांच्याच जुन्या कंपनीचा माल होता. "हे आमच्या साच्यातलं हाय," ते म्हणाले. "ह्याला ब्लेड न्हाई लावायचं. कापलेलं रबर चिरत जातं. मी नवं काढतो."

पुढचे कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नव्हता. भोसरीच्या एका लेथवाल्याकडून अण्णांनी नवा साचा करून घेतला, वाटीची जाडी निम्मी केली, पायरी कापलेल्या टोकाच्या हिशोबानं पुढं सरकवली आणि रबर जरा कडक घेतलं, पातळ असूनही दबून जाऊ नये म्हणून. निळ्या गाठीच्या पिशव्या त्याच्याच. पहिल्या वाट्यांत फुगे आले, दुसऱ्या कडेनं फाटल्या. अण्णा जेवता जेवता उठून प्रेसशी जायचे, हात धुतलेला असो नसो. आई म्हणायची, पोराचं लग्न केलं तेव्हा एवढा जीव टाकला नाही माणसानं. सुरेखा वाट्यांच्या कडांचं जादाचं रबर कात्रीनं कातरून द्यायची. तिच्या हातावरची मेंदी उतरत आली होती आणि तिच्या जागी ती काळी कड बसत होती.

वाट्या बसल्या. तात्यांच्याच एका रिकाम्या शेडमध्ये गाडी उभी करून आम्ही त्या बसवल्या. बंटीशेठची अट होती की टायर आणि वरचा पत्रा ह्यांच्यात दोन बोटंच मावली पाहिजेत. पट्टी, गेज काही नाही. त्या पोरांत मापाची पद्धतच बोटांची होती. अण्णांनी चारही चाकांवर स्वतःची दोन बोटं आडवी घालून बघितली. बरोब्बर. गाडी फिरवली, वळवली, आवाज बंद. बंटीशेठनं अण्णांना मिठीच मारली आणि म्हणाला, काका, शेड तुमचीच समजा, यात्रेला घरच्यांना घेऊन या, तात्या सगळ्या गावासमोर नारळ देतील. त्या दिवशी परत येताना अण्णांनी जिलबी घेतली आणि ती घरी पोचेपर्यंत आम्ही दोघांनीच निम्मी संपवली.

दोन बोटं मोजली तेव्हा गाडीत कोणी नव्हतं. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, बंटीशेठच्या आली नाही, आणि अण्णांच्याही आली नाही. ते सगळं आयुष्य कंपनीच्या बसनं गेले-आले होते. त्यांच्या टेबलावर वाटी यायची ती सुटी, हलकी, तळहातावर मावणारी. तिच्यावर गाडी बसते हे त्यांना माहीत होतं. गाडीत माणसं बसतात, आणि ह्या गावात यात्रेच्या दिवशी एका गाडीत किती बसतात, हे कुठल्याच साच्यात लिहिलेलं नसतं.

यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यती. तात्यांचे बैल पळणार होते. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या त्या चढाच्या धावपट्टीवर, बैलमालकानं वाजतगाजत पोचायचं असा तिथला रिवाज. इतकी वर्षं तात्या जीपमधून जायचे. ह्या वर्षी बंटीशेठनं हट्टानं आपली गाडी सजवली, झेंडूच्या माळा, बॉनेटवर गुलालाचं ताट. आई घरीच राहिली होती. मी आणि सुरेखा स्कूटरवरून मागे होतो. अण्णांनी माझ्या लग्नातला शर्ट घातला होता. तात्यांनी त्यांना सगळ्यांदेखत हाक मारली, "रबरवाले, तुमी पुढं बसा." अण्णा पुढे बसले. मागे तात्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना पाहुणे, पाहुण्यांच्या मांडीवर नातवंडं, आणि डिकी उघडी टाकून तिच्यात हलगीवाला आणि त्याचा साथीदार. गाडी निघाली. टायर पत्र्यात दिसेनासे झाले होते. मी सुरेखाला म्हणालो, बघ, कसली बसलीय गाडी. ती म्हणाली, जरा जास्तच बसलीय.

घाटाच्या तोंडाशी शेताचा एक बांध होता, नुसता मुरूम टाकून उतरता केलेला. जीप तिथून वर्षानुवर्षं गेली होती. गाडीची पुढची चाकं पलीकडे गेली आणि मधलं पोट बांधावर बसलं. बंटीशेठनं रेस दिली, चाकं जागेवर फिरली, गुलालाचं ताट उपडं झालं. घाटावर माईकवाला असतो. बैल आले, बैल सुटले, कुणाचा नंबर आला हे सगळं तो ओरडून सांगतो, आणि बैल नसतात तेव्हा जे दिसेल ते सांगतो. त्याला गाडी दिसली. हलगीवाले उतरले, गाडी बोटभर उठली, त्यानं सांगितलं. नातवंडं उतरली, सांगितलं. पाहुणे उतरले, अण्णा उतरले, तरी पोट बांधावरच. मग तात्या उतरले. गाडी एक हिसका देऊन वर आली आणि रिकामीच पुढे निघून गेली. आणि चारी बाजूंच्या भोंग्यांतून आवाज आला, "तात्या उतरले अन् गाडी उठली."

सगळा घाट हसला. हसण्यासारखंच होतं, मीही हसलो असेन. तात्या धोतराचा सोगा हातात धरून त्या गर्दीतून घाटापर्यंत चालत गेले, गुलालानं लाल झालेले, कोणाकडेही न बघता. त्यांचे बैल त्या दिवशी मधेच थांबले, पण त्याची चर्चा कोणी केली नाही. दिवसभर, ओळखीचा भेटला की लोक त्यांना नमस्कार करायचे आणि पाठ फिरली की खांदे हलायचे.

संध्याकाळी वाड्यासमोर मंडपात पंगती बसल्या. मटणाच्या रश्शाचा वास सगळ्या आळीत. तात्यांनी दोघातिघांना नारळ दिले. अण्णा हात पुढे करायचा की नाही अशा बेतानं उभे होते. तात्या त्यांच्यापाशी आले, आवाज न चढवता म्हणाले, "रबरवाले, जेवून जावा. ती शेड आमी बंटीच्या मेव्हण्याला दिलीय."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, घरी ते नेहमी 'हो' म्हणायचे.

ते जेवले नाहीत. चपला शोधल्या, घातल्या आणि हायवेच्या दिशेनं चालायला लागले. मी स्कूटर काढली. सुरेखाला म्हणालो तू रिक्षानं ये, अण्णांना मागे घेतो. ती उतरली, पण अण्णा थांबलेच नाहीत. मग ती पुन्हा बसली आणि मी पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला घासत, त्यांच्या बाजूनं स्कूटर चालवत राहिलो. स्कूटर सारखी बंद पडायची. मागून येणारे ट्रक हॉर्न द्यायचे. मी काहीतरी विनोदही करून बघितला, कोणता ते आठवत नाही. हायवे दिसायला लागला तेव्हा ते बोलले, माझ्याशी नाही, समोरच्या रस्त्याशी. "रिकाम्या गाडीला मोजलं मी. माणसं धरलीच न्हाईत."

हायवेला लागल्यावर ते एका सहा आसनी रिक्षात बसले आणि आमच्याआधी घरी पोचले. आम्ही पोचलो तेव्हा फ्रिजमधल्या खालच्या पिशव्या मोरीत पडल्या होत्या आणि आई फ्रिज पुसत होती.

एक गोष्ट मी त्यांना पुढे सांगायचा प्रयत्न केला. यात्रेच्या सकाळी मी त्या शेडवरून गेलो होतो. आत बारदानाचे गठ्ठे रचलेले होते, दाराला नवं कुलूप होतं. मेव्हण्याचा बारदानाचा धंदा. म्हणजे गाडी टेकायच्या आधीच शेड गेली होती, बांधाचं नुसतं निमित्त झालं. अण्णा हे ऐकायलाच तयार नव्हते. गठ्ठे दुसऱ्या कोणाचे असतील म्हणाले, तात्या शब्दाचा माणूस आहे म्हणाले, माप माझंच चुकलं म्हणाले. आता त्यांच्या वयाच्या जवळ आल्यावर मला कळतं. स्वतःची चूक माणसाला सोसते. आपल्याला कधी मोजलंच नव्हतं, हे सोसत नाही.

प्रेस भंगारात गेला. पुढच्या खोलीत इतकी जागा झाली की काही दिवस आम्ही सवयीनं वळसा घालूनच चालायचो. मी चाकणला कंत्राटी कामाला लागलो, पुढे कायम झालो, स्टोअरला आहे. सांगायला लाज नाही, रबरी वाट्यांची खोकी माझ्याच सहीनं आत येतात. अण्णा चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले. निळा ड्रेस, शिट्टी आणि चाकं लावलेला एक आरसा, लांब दांड्याचा. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तो आरसा सरकवायचा आणि बघायचं. बाकीचे वॉचमन आरसा नुसता फिरवून काढायचे. अण्णा प्रत्येक चाकापाशी थांबायचे, मागच्या गाड्यांची रांग लागायची. सुपरवायझरनं एकदा मला फोन करून सांगितलं, तुमच्या वडलांना जरा समजवा, बॉम्ब बघायचा असतो, स्प्रिंगा नाही. ते वारले तोपर्यंत त्याच गेटवर होते.

मागच्या महिन्यात मोशीच्या एका लॉन्सवर लग्न होतं. बंटीशेठ भेटले. आता पोट सुटलंय, गळ्यात साखळी आहे, पोरगा त्यांना हाताला धरून त्या उंच गाडीतून उतरवतो. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. मला बघून त्यांना खरोखरच आनंद झाला. "अरे, हा आपल्या रबरवाल्यांचा दत्ता," म्हणून त्यांनी आजूबाजूच्यांना गोळा केलं आणि ती यात्रेची गोष्ट सांगितली. चांगली सांगतात, पण मधले टप्पे गाळतात. हलगीवाले विसरले. मग ते मी भरले. गाडी कशी बोटाबोटानं उठत गेली ते दाखवलं, अण्णा नवा शर्ट झटकत कसे उतरले ते दाखवलं, आणि शेवटी माईकवाल्याच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. लोक डोळे पुसत होते. बंटीशेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. सुरेखा बायकांच्या पंगतीतून उठून हात धुवायला आली होती, ती तिथेच थांबून ऐकत होती.

घरी जाताना गाडीत स्पाईन रोडच्या सिग्नलला मी विचारलं, जेवण बरं होतं ना. ती काचेतून बाहेर बघत होती. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात.

"तुम्ही सांगायला लागलात की मामा विनोदी वाटतात," ती म्हणाली. "मी रोज त्यांचा डबा भरलाय. ते विनोदी नव्हते."